औषध घेणाऱ्याची सोबत

शास्त्रपाठ : करिंथकरांस दुसरे पत्र १:३–७



करिंथ येथील मंडळीस दुसरे पत्र लिहिताना पौल प्रेषित आरंभीच एक मोठी गोष्ट शिकवितो. संकटात देवाकडून आम्हांस जो धीर मिळतो, तो आमच्या एकट्यापुरता नसतो. तसेच संकट ज्याच्यावर आले आहे, त्याच्यापर्यंत तो धीर पोहोचवावा असा देवाचा हेतू असतो. सांत्वन ही आम्हांपाशी ठेवलेली ठेव आहे. आज हा उपदेश आम्ही अशा एका दुखण्यास लावून पाहणार आहोत, ज्याचे नाव आमच्या मंडळ्यांत सहसा मोठ्याने घेतले जात नाही. ते म्हणजे मनाचे दुखणे, व त्यावर घ्यावयाच्या गोळ्या.

एका खेड्यातील गोष्ट सांगतो. ज्या बंधूची ती आहे त्याने ती सांगावयास संमती दिली आहे. नाव व गाव मात्र सांगत नाही. वय पंचविशीचे, दोन एकर कोरडवाहू जमीन, घरी म्हातारी आई. पेरणीच्या दिवसांत त्याची झोप उडाली. जवळ कोणी नसता त्यास आवाज ऐकू येऊ लागले. शेजारी आपल्या अन्नात विष कालवितात, असे तो म्हणू लागला. जिल्ह्याच्या ठिकाणी नेल्यावर डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, आणि दोन रात्री तो शांत झोपला. तिसऱ्या दिवशी सायंकाळी प्रार्थनासभा चालली असता त्याची मान एकाएकी एका बाजूस वळली, जबडा आवळला, डोळे वर गेले. भूत शिरले, असे एक जण म्हणाला. गोळ्यांनी घात केला, असे दुसरा म्हणाला.

त्या सभेत आम्ही होतो. आम्ही प्रार्थना केली, ते योग्यच केले. परंतु त्यास दवाखान्यात नेले नाही, आणि त्याच्या आईने गोळ्या चुलीत टाकल्या तेव्हा तिचा हात धरला नाही. काही तासांनी मान सुटली व आम्ही देवाचे आभार मानले. दीड महिन्याने आवाज परत आले. एका रात्री तो विहिरीच्या कठड्यावर बसलेला सापडला. देवाची दया की, कोणी तरी वेळेवर पाहिले.

मागाहून डॉक्टरांनी आम्हांस समजावून सांगितले. मनाच्या काही औषधांनी पहिल्या काही दिवसांत मानेचे, जबड्याचे अथवा डोळ्यांचे स्नायू असे आखडतात. तरुण पुरुषांत हे अधिक आढळते. योग्य इंजेक्शन दिले म्हणजे बहुधा अर्ध्या तासाच्या आत उतार पडतो. त्यानंतर डोस कमी करता येतो किंवा औषध बदलता येते. ते भूत नव्हते व विषही नव्हते. एवढे ज्ञान सभेत एकाजवळ असते, तर तो बंधू विहिरीपर्यंत गेला नसता. हा दोष आम्ही आपल्या पदरी घेतो.

गोळी घेणे म्हणजे विश्वास सोडणे, असे पुष्कळांस वाटते. पण शास्त्र काय दाखविते? हिज्कीया राजा मरणोन्मुख झाला तेव्हा देवाने त्याची प्रार्थना ऐकली, आणि त्याच वेळी यशया संदेष्ट्याने त्याच्या गळवावर अंजिरांचा लेप लावविला. पौलाचा प्रिय सोबती लूक वैद्य होता. एलीया रानात झुडपाखाली मरण मागत पडला, तेव्हा दूताने त्यास रागे भरले नाही; दोनदा उठवून भाकर व पाणी दिले, व मध्ये झोपू दिले. देव शरीराच्या द्वारे मनासही सांभाळतो.

ही औषधे फार जुनी नाहीत. लिथियमचा गुण ऑस्ट्रेलियातील जॉन केड यांनी १९४९ साली प्रसिद्ध केला. १९५२ साली पॅरिस येथे जाँ डिले व पिएर डेनिकर यांनी क्लोरप्रोमाझीन हे औषध मनोरुग्णांस देऊन त्याचा परिणाम जगापुढे मांडला. त्यापूर्वी अशा कितीएक रोग्यांचे सारे आयुष्य इस्पितळाच्या भिंतींआड जाई. आज तोच रोगी घरी राहून शेत करितो व मुले वाढवितो. ही देणगी लहान नव्हे. तथापि तिचे ओझेही आहे, आणि ते झाकून ठेवण्यात सत्य नाही.

ते ओझे असे. उदासीनतेवरील गोळ्यांनी पहिला आठवडा-दोन आठवडे मळमळ होते, डोके दुखते, कधी जीव अधिकच घाबरा होतो. गुण मात्र दिसावयास दोन ते चार आठवडे व पुरता यावयास त्याहून अधिक काळ लागतो. म्हणजे त्रास आधी येतो व लाभ मागून. पुष्कळ जण नेमके याच मधल्या दिवसांत औषध सोडतात. आवाज व संशय यांवरील गोळ्यांनी सुस्ती येते, तोंडास कोरड पडते, शौचास खडा होतो, हात थरथरतात, अंग ताठरते, भूक व वजन वाढते. काहींचे पाय क्षणभर स्थिर राहत नाहीत. लोकांस वाटते आजार वाढला, परंतु बहुधा तो गोळीचा परिणाम असतो, आणि तो डॉक्टरांस लवकर कळविला पाहिजे, कारण त्या तळमळीत मनुष्य जिवास कंटाळतो. लिथियम घेणाऱ्याने वेळोवेळी रक्त तपासावे व उन्हाच्या कामात पाणी सोडू नये. त्यास जुलाब-वांत्या लागल्या, तोल जाऊ लागला किंवा जीभ जड झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. कोणत्याही गोळीनंतर मोठा ताप, लाकडासारखे ताठरलेले अंग व भ्रम ही एकत्र दिसली, तर क्षणाचाही विलंब करू नये.

डॉक्टर हे सर्व सांगतात, पण त्यांच्या दाराशी रांग मोठी असते. घरी परतल्यावर रात्री दोन वाजता पाय वळवळू लागले, तर कोणास विचारावे? येथेच पौलाचा उपदेश उपयोगी पडतो.

त्या बंधूने दुसऱ्यांदा औषध आरंभिले, तेव्हा मंडळीतील एक विधवा भगिनी आपण होऊन त्याच्या घरी गेली. ती बारा वर्षे अशाच गोळ्या घेत होती, आणि हे आम्हांपैकी कोणास ठाऊक नव्हते. ती त्याच्या आईजवळ बसून म्हणाली, “बाई, माझेही हात असेच थरथरत. चहाची बशी धरवत नसे. डॉक्टरांस सांगितले, त्यांनी गोळी बदलली. तुझ्या लेकासही सांगता येईल.” तिने त्यास एक वही दिली. कोणत्या दिवशी काय झाले, झोप किती लागली, हे दोन ओळींत लिहावयाचे आणि पुढच्या खेपेस ती वही डॉक्टरांपुढे ठेवावयाची. सकाळी उठवत नाही म्हणून त्याने गोळी सोडण्याचे मनात आणिले, तेव्हा ती म्हणाली, “सोडू नकोस रे बाबा. कोणत्या वेळी घ्यावी ते विचारू.” ती त्याच्याबरोबर एस. टी.ने जिल्ह्यास गेली. वेळ बदलली, डोस थोडा कमी झाला. सुगीस तो खळ्यावर उभा होता.

आम्ही शिकलेले लोक जे करू शकलो नाही, ते तिने केले. कारण ती त्या वाटेने चालून आली होती. रफीदीम येथे मोशेचे हात जड झाले, तेव्हा अहरोन व हूर यांनी त्यास धोंड्यावर बसविले व दोहो बाजूंनी सूर्यास्तापर्यंत त्याचे हात धरिले. त्यांनी त्याच्या हातची काठी घेतली नाही. सोबत ती हीच. अमेरिकेत ॲक्रन गावी १९३५ साली दारूच्या व्यसनात सापडलेल्या दोघांनी एकमेकांस धरून उभे राहण्याचा हाच मार्ग धरिला, व त्यातून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही चळवळ जगभर पसरली. आमच्या पुण्यातही डॉ. जगन्नाथ वाणी यांनी स्थापिलेल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनने रुग्णांस व त्यांच्या घरच्यांस एकत्र बसविण्याचे काम केले आहे.

परंतु सोबत्याने आपली मर्यादा ओळखावी. आपली गोळी दुसऱ्यास देऊ नये. डोस कमी-अधिक करावयास सांगू नये. एकास जे लागू पडते ते दुसऱ्यास पडेलच असे नाही. औषध एकाएकी बंद करू नये व करू देऊ नये. थांबवावयाचे असेल किंवा बाई गरोदर असेल, तर आधी डॉक्टरांस विचारावे. ऐकलेले गुपित चावडीवर नेऊ नये. मात्र मरणाचे विचार कानी पडले, तर ते एकट्याने पोटात ठेवू नयेत. त्यास एकटे सोडू नये व मदत आणावी. सरकारने १० ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानस ही दूरध्वनीची सोय केली आहे. तिचा क्रमांक १४४१६. दिवसरात्र, विनामूल्य व मराठीतही तेथे बोलता येते.

प्रिय उपदेशक बंधूंनो, तुम्हांस एक विनंती. अशा रोग्याचे नाव घेऊन सभेत प्रार्थना करू नका. त्याच्या दाराशी जाऊन करा. प्रभुभोजनाच्या वेळी ज्याचा हात थरथरतो, त्याच्याकडे टक लावून पाहू नका. प्याला आपण धरा. सुस्तीमुळे जो उपासनेत डुलक्या घेतो, त्यास आळशी म्हणू नका. दवाखान्याच्या खेपेस गाडीभाडे नसेल, तर मंडळीच्या वर्गणीतून द्या. आणि ज्या भावाने अथवा बहिणीने पुष्कळ वर्षे मुकाट्याने गोळ्या घेतल्या, त्यास इतके निर्भय वाटू द्या की, नव्या रोग्याजवळ बसून त्याने म्हणावे, मीही घेतो, आणि मी आहे.

त्या विधवेने बारा वर्षे आपले दुखणे लपविले, याची लाज तिला नको, आम्हांस असावी. तिच्याजवळची ठेव आमच्या भीतीने बारा वर्षे पुरून राहिली. येत्या रविवारी उपासना संपल्यावर मागील बाकावर कोण एकटा बसला आहे, ते पाहा, आणि त्याच्याबरोबर घरापर्यंत चालत जा. प्रभु तुम्हांस तसे करावयास कृपा देवो. आमेन.