फाटकावरचा पाऊण तास

नगर हे छावणीचं गाव. रणगाडा दलाचं प्रशिक्षण केंद्र तिथे आहे, त्यामुळे गावातल्या बांधकाम ठेकेदारांचं लक्ष कायम एमईएसच्या निविदांकडे असतं. एमईएस म्हणजे लष्करी अभियांत्रिकी सेवा. 1923 साली ती सुरू झाली आणि आजही सैन्याच्या बराकी, क्वार्टर, दवाखाने, पाणी, वीज यांचा भार तिच्यावर आहे.

अशाच एका ठेकेदाराने पंचवीस-तीस वर्षं छावणीत कामं केली आणि गुडघे दुखायला लागल्यावर धंदा आवरता घेतला. त्याचा भाचा स्थापत्य अभियंता. खाजगी बंगले, दोन अपार्टमेंट एवढ्या अनुभवावर त्याने एमईएसमध्ये नाव नोंदवलं. तिथे ठेकेदारांचे वर्ग असतात. ज्या वर्गात नोंद, त्या वर्गाच्या मर्यादेपर्यंतचीच कामं भरता येतात. पोलीस पडताळणी झाली, डिजिटल सही मिळाली आणि पहिली निविदा समोर आली: जवानांच्या कुटुंबांसाठी तीन मजली क्वार्टर.

मामा म्हणाले, "उद्या सकाळी सातला छावणीच्या फाटकासमोर जाऊन बस."

"कशाला मामा? नकाशे पोर्टलवर आहेत. जागा सपाट आहे."

"नकाशात फाटक नसतं रे."

भाचा गेला नाही. निविदेत स्पष्ट लिहिलेलं असतं की, निविदा भरणाऱ्याने जागा पाहिली आहे असंच धरलं जाईल. ती ओळ त्याने वाचली आणि पुढे गेला. एकरकमी ठेका होता. अशा ठेक्यात नकाशे आणि कामाचा तपशील खातं देतं. माप काढून एक आकडा लिहायचा तो ठेकेदाराने, आणि नंतर चुकलो म्हणायची सोय नसते. भाच्याचं माप अचूक होतं. काँक्रीट, सळई, विटा, काहीही सुटलं नव्हतं. मजुरी मात्र त्याने बंगल्याच्या हिशेबाने धरली.

आधी तांत्रिक लिफाफा उघडला, मग दराचा. भाचा पहिला आला आणि पेढे घेऊन मामांकडे धावला.

"दुसरा तुझ्यापेक्षा किती वर आहे?" मामांनी विचारलं.

"अठरा टक्के!"

मामांनी हातातला पेढा परत ताटलीत ठेवला. ते काही बोलले नाहीत, पण मामींना कळलं.

काम सुरू झालं आणि पहिल्याच सोमवारी फाटक भेटलं. चाळीस मजूर रांगेत. प्रत्येकाचा पास तपासायचा, डबा उघडून दाखवायचा, मोबाईल जमा करायचा. एका पोराच्या पासवर फोटो धूसर आला होता, त्याला परत पाठवलं. वाळूचा ट्रक बाजूला उभा, त्याची तपासणी वेगळी. ड्युटीवरचा जवान कोणावर ओरडत नव्हता, कोणाला अडवण्यात त्याला आनंद नव्हता. त्याचं काम तो चोख करत होता. छावणीत हे असंच असलं पाहिजे. पण माणूस कामाला लागेपर्यंत पाऊण तास गेलेला असायचा, आणि संध्याकाळी ठरल्या वेळी सगळ्यांना बाहेर पडावं लागायचं. बंगल्यावर तो रात्री दिवे लावून स्लॅब टाकायचा. इथे ते जमणार नव्हतं.

चाळीस माणसांचा पाऊण तास म्हणजे तीस तास. रोज जवळजवळ चार माणसांची हजेरी फाटकावरच संपत होती, आणि ती भाच्याच्या खिशातून जात होती. झालेल्या कामाची चालू बिलं निघत होती, पण आलेला पैसा मजुरीलाच पुरा पडेना.

दुसरा स्लॅब जवळ आला तेव्हा एका ओळखीच्या पुरवठादाराने कानात सांगितलं, "सिमेंटमध्ये थोडं बघ की. सगळेच बघतात."

गोदामाला दोन कुलपं होती. एक किल्ली खात्याच्या कनिष्ठ अभियंत्याकडे, एक भाच्याकडे. किती पोती आली, किती निघाली हे रोज रजिस्टरवर चढायचं. पण गोदामापासून मिक्सरपर्यंतच्या वाटेवर पोती गायब करणारेही असतात. भाच्याला त्या रात्री झोप लागली नाही. पहाटेच तो मामांच्या दारात उभा राहिला.

"काम सोडून देऊ का?"

"सोडलंस तर ठेव जाईल, उरलेलं काम तुझ्या खर्चाने दुसऱ्याकडून करून घेतील, आणि नाव खराब होईल ते वेगळंच."

"मग पुरवठादार म्हणतो ते…"

मामांचा आवाज चढला. एरवी ते कधी ओरडत नसत. "त्या घरात कोण राहणार आहे? जवान सीमेवर असेल, त्याची बायको-पोरं तुझ्या स्लॅबखाली झोपतील. तो तिकडे निर्धास्त उभा राहतो तो कुणाच्या भरवशावर? आकडा तू लिहिलास. तोटा तुझा. त्या पोरांच्या डोक्यावर तो टाकायचा नाही."

भाच्याने नाक्यावरचा प्लॉट विकला. दुसरा स्लॅब पूर्ण सिमेंटचा पडला. नगरचा उन्हाळा होता. स्लॅबवर आळी करून पाणी कोंडलं, दुपारी तो स्वतः जाऊन ते आटलं का पाहायचा. पंधरा सेंटिमीटरचे काँक्रीटचे ठोकळे सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी यंत्राखाली फोडून तपासले, सगळे कसोटीला उतरले. मुदतीत क्वार्टर ताब्यात दिले. दोष दुरुस्तीची मुदत संपली तेव्हा ठेव पूर्ण परत आली. गळतीची एकही तक्रार नव्हती.

पुढची निविदा भरण्याआधी भाचा सलग काही सकाळी फाटकासमोरच्या टपरीवर वही घेऊन बसला. किती मजूर, किती वेळ, ट्रक कधी सोडतात, पाणी कुठून आणावं लागेल, सगळं लिहून घेतलं आणि मग आकडा काढला. त्या निविदेत तो तिसरा आला. त्याच्या पुढच्या निविदेत पहिला आला, आणि दुसरा त्याच्यापेक्षा दोन टक्के वर होता.