चौदाव्या दिवसापासून पुढे

घरात माणूस गेलं की पहिले तेरा दिवस आपल्याकडे माणसांची वानवा नसते. तिरडीची तयारी शेजारी बघतात, सुतकाच्या घरात चूल पेटत नाही म्हणून भावकीतून पिठलं-भाकरी येते, दहाव्याला पिंडाला कावळा शिवेपर्यंत सगळे घाटावर ताटकळतात. तेराव्याला गोडाचं जेवण होतं आणि पाहुणे आपापल्या गावी परततात. खरा एकटेपणा त्यानंतर सुरू होतो. शोकातल्या माणसाला सोबत करणारे समुपदेशक घडवायचे असतील, तर ते या चौदाव्या दिवसापासूनच्या काळासाठी घडवले पाहिजेत आणि त्याच गावातल्या, त्याच वस्तीतल्या माणसांमधून निवडले पाहिजेत, असं मला कळकळीनं वाटतं.

२८ नोव्हेंबर १९४२ रोजी अमेरिकेत बॉस्टनमधल्या ‘कोकोनट ग्रोव्ह’ या नाइटक्लबला आग लागून ४९२ माणसं गेली. मनोविकारतज्ज्ञ एरिक लिंडमन यांनी वाचलेल्यांशी आणि मृतांच्या नातलगांशी बोलून १९४४ मध्ये एक निबंध लिहिला. उसासे, अन्नावरची वासना उडणं, गेलेल्याचा चेहरा सतत डोळ्यांपुढे येणं, ‘मी तेव्हा तिथं असतो तर’ ही टोचणी, हे सारं त्यांनी बारकाईनं नोंदवलं. आठ-दहा भेटींत, चार ते सहा आठवड्यांत साधा शोक मार्गी लागतो, असं त्यांचं मत होतं. पुढच्या अभ्यासांत ते फार आशावादी ठरलं.

१९६९ मध्ये मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युबलर-रॉस यांचं पुस्तक आलं आणि नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार या पाच अवस्था जगभर पोचल्या. मुळात त्या मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांशी झालेल्या बोलण्यातून निघाल्या होत्या. मागे राहिलेल्यांना त्या पायऱ्यांसारख्या लावल्या की घोटाळा होतो. जिला रागच आला नाही, तिला ‘तुम्ही राग दाबताय’ असं सांगितलं जातं. अशा शिकवणीपेक्षा शोकाचे अभ्यासक श्ट्रोबे आणि शुट यांनी १९९९ मध्ये मांडलेलं दुहेरी प्रक्रियेचं प्रारूप आपल्या अनुभवाला जवळचं आहे. सकाळी तलाठ्याकडे जाऊन वारसनोंदीचं काम नेटानं करणारी बाई संध्याकाळी दारातल्या चपला हलवू शकत नाही. शोक आणि संसार यांच्यातलं हे येणं-जाणं ते प्रारूप स्वाभाविक मानतं. गेलेल्याशी नातं तोडलं म्हणजेच माणूस सावरला, ही समजूतही अभ्यासकांनी १९९० च्या दशकात सोडून दिली. पितृपंधरवड्यात पान वाढणाऱ्या समाजाला हे पटायला वेळ लागू नये.

हे सगळं वहीत उतरवून घेता येतं, पण अंगी बाणतं ते सरावानं. समजा, वर्गात दोघीजणी समोरासमोर बसल्या आहेत. एकीनं नवरा गमावलेल्या बाईची भूमिका घेतली आहे. ती म्हणते, ‘‘त्यांचा मोबाइल मी अजून रोज चार्जिंगला लावते.’’ समोरची शिकाऊ ताई लगेच म्हणते, ‘‘मन घट्ट करा, मुलांकडे बघा.’’ इथं प्रशिक्षकानं थांबवावं आणि पहिलीला विचारावं, हे ऐकून काय वाटलं? उत्तर येतं, ‘‘पुढं बोलावंसंच वाटेना.’’ मग तोच प्रसंग पुन्हा. या वेळी ताई थोडा वेळ गप्प बसते आणि विचारते, ‘‘कुणाचे फोन येतात त्यावर?’’ आता बोलणं सुटतं. वसुलीवाल्यांचे फोन येतात, रिचार्ज संपत आलाय, नंबर बंद पडेल याची धास्ती आहे. कर्ज आणि विरह एकाच वाक्यात बाहेर येतात.

म्हणून मृत्यूचा दाखला, वारसनोंद, विधवा पेन्शन, कर्जाचे कागद यांची माहिती या अभ्यासक्रमात हवीच. विदर्भ-मराठवाड्यात शेतकरी नवऱ्यामागे राहिलेल्या बाईचं दुःख सावकारापासून आणि जमिनीच्या वाटणीपासून वेगळं काढता येत नाही. रूढी त्यात भर घालतात. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढून घेणं या प्रथा बंद करण्याचा ठराव कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ४ मे २०२२ रोजी केला. त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर गावांना तो कित्ता गिरवायला सांगितलं. जो समुपदेशक या प्रथांपुढे गप्प बसतो, त्याचं सांत्वन पोकळ आहे.

हे काम गावातली माणसं करू शकतील का? १९९६ मध्ये गोव्यात सुरू झालेल्या ‘संगाथ’ संस्थेनं वैद्यकीय पदवी नसलेल्या स्थानिकांना प्रशिक्षण देऊन नैराश्यावर मदत करता येते, हे दाखवलं. विदर्भातल्या ‘विश्राम’ उपक्रमातही ती वाट चोखाळली गेली. ते काम नैराश्याचं होतं, पण त्यातला धडा इथंही लागू पडतो: शिकवून सोडून देऊ नका, अनुभवी मार्गदर्शकाची देखरेख कायम ठेवा. रोज दुसऱ्याचं दुःख ऐकणाऱ्यालाही मन मोकळं करायला जागा लागते. आणि आधीच कामाखाली दबलेल्या आशाताईंवर हे फुकटात लादू नये.

बहुतेक माणसं आपल्या माणसांच्या आधारानं सावरतात. प्रत्येकाला समुपदेशन लागत नाही. काहींचा शोक मात्र गोठतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात सहा महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या, जगणंच अडवणाऱ्या शोकाला आता विकार मानलं आहे. समुपदेशकाला तो ओळखता यावा, आत्महत्येचे विचार येतात का हे थेट विचारता यावं आणि डॉक्टरकडे किंवा ‘टेली-मानस’ या हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर धाडता यावं. विचारल्यामुळे तसा विचार डोक्यात शिरतो, ही भीती निराधार आहे.

माळीण गावावर ३० जुलै २०१४ रोजी आणि इर्शाळवाडी या वस्तीवर जुलै २०२३ मध्ये दरड कोसळली, तेव्हा पिठलं-भाकरी आणणारे शेजारीच ढिगाऱ्याखाली गेले. अशा वेळी धावून जाणारी माणसं आधीपासून तयार असावी लागतात, आणि दुःख उकरून बोलतं करायचं नसतं, हे त्यांना ठाऊक असावं लागतं.

व्यवस्था उभी करणं अशक्य नाही. गावात होणाऱ्या मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत होते. घरच्यांची संमती असेल, तर ती नोंद होताच प्रशिक्षित ताई-दादांना कळवावं. त्यांनी महिन्यानं, तिसऱ्या महिन्यात, सहाव्या महिन्यात आणि वर्षश्राद्धाच्या सुमारास त्या घरी जावं. त्यांचं मानधन आणि प्रशिक्षण यांसाठी पंचायतीच्या आराखड्यात तरतूद व्हावी. रस्ता आणि पाणी यांच्याइतक्याच हक्कानं ही मागणी ग्रामसभेत मांडली गेली पाहिजे.