गाळल्याची वेळ

उल्हासनगरहून एक आई दर तीन आठवड्यांनी आपल्या ७ वर्षांच्या लेकीला घेऊन लोकलने मुंबईला यायची. मुलीला थॅलेसेमिया मेजर होता, त्यामुळे रक्त चढवल्यावाचून सुटका नव्हती. पण रक्त सुरू झालं की काही वेळातच तिला हुडहुडी भरायची, अंग तापायचं. सिस्टर आधी रक्त बंद करायच्या, मग पिशवीवरचा नंबर आणि गट पुन्हा ताडून बघायच्या. गट कधीच चुकलेला नसे.

डॉक्टरांनी आईला समजावलं, "तिला हव्यात तांबड्या पेशी. पण पिशवीत दात्याच्या पांढऱ्या पेशीही येतात, शंभर कोटींहून जास्त. त्रास त्यांचा आहे. फिल्टरमधून रक्त गाळलं की त्या ५० लाखांच्या आत येतात."

फिल्टर स्वस्त नव्हता. देणगीतून सोय झाली आणि पिशवीवर 'पांढऱ्या पेशी गाळलेले' अशी चिठ्ठी दिसू लागली. आईला हायसं वाटलं. पण पुढच्याच खेपेला पोरगी पुन्हा कुडकुडायला लागली.

डॉक्टर रक्तपेढीत गेले. तिथले तंत्रज्ञ जुने, हाताला वळण असलेले. प्रश्न ऐकून ते जरा दुखावलेच. "साहेब, मी स्वतः गाळलंय. चिठ्ठी खोटी लावत नाही मी."

"खोटी म्हणतच नाही. गाळलं कधी?"

उत्तर यायला वेळ लागला. शिबिर रविवारचं. संध्याकाळी पिशव्यांचा ढीग आला, मदतीला कुणी नाही, म्हणून त्या फ्रिजमध्ये ठेवून दिल्या. मागणी आली तेव्हा, नवव्या दिवशी, गाळून पाठवलं.

डॉक्टर खुर्ची ओढून बसले. "फ्रिजमध्येही या पेशी गप्प बसत नाहीत. दिवसागणिक फुटतात, ताप आणणारी रसायनं रक्तात सोडतात. फिल्टर पेशी अडवतो. त्यांनी आधीच जे सांडून ठेवलंय, ते त्याच्यातून सरळ पार होतं."

तंत्रज्ञ काही बोलले नाहीत. त्यांचंही सगळं चूक होतं असं नाही. रविवारी संध्याकाळी एकट्या माणसाने किती करायचं, हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. त्या दिवशी डॉक्टरांनी तोही विचारला. पुढच्या शिबिरापासून एक जोडीदार मिळाला, आणि थॅलेसेमियाच्या मुलांसाठीच्या पिशव्या फ्रिजमध्ये ठेवण्याआधीच गाळायच्या असं ठरलं. ताप कायमचा गेला नाही, पण क्वचित येऊ लागला.

रजिस्टरमध्ये 'गाळल्याची वेळ' असा नवा रकाना पडला. तो पुढच्या महिन्यापासून भरायचा होता. तंत्रज्ञांनी मात्र मागची पानं उलटली, पट्टीने रेघ ओढली आणि जुन्या नोंदींसमोर आपल्या हाताने लिहायला घेतलं: नववा दिवस, सहावा दिवस, अकरावा दिवस. शेजारी सही केली. जोडीदार म्हणाला, "काका, हे कुणी मागितलेलं नाही."

"माहीत आहे," ते म्हणाले आणि पान उलटलं.