कर्ता अज्ञात

वस्तूचे नाव कळले की वस्तू कळली, असे आपण समजतो. हे कितपत खरे?

कॅलिफोर्नियात जुन्या फोर्ड गाड्या मोडून-जोडून वेगवान मोटारी करण्याचा शौक फार दिवसांचा. त्यांना ‘हॉट रॉड’ म्हणतात. १९५० नंतर त्यांच्यासाठी फायबरग्लासच्या, म्हणजे काचतंतू आणि राळ यांच्या, बॉड्या मिळू लागल्या. १९५३ साली शेव्हरोलेटने कॉर्व्हेट काढली तीही अशीच. त्या वर्षी अवघ्या ३०० गाड्या झाल्या. पत्र्याला लागतात तसली अजस्र यंत्रे इथे नकोत. तयार बॉडीवरून साचा काढावा, साच्यातून दुसरी बॉडी. एखाद्या शेडमध्येही हे साधते. म्हणूनच कुणाच्या परसात बेवारशी बॉडी सापडली, की तिचे कूळ लागता लागत नाही. हौशी मनुष्य फूटपट्टी घेऊन बसतो. ही १९३२ च्या फोर्डच्या चासीवर बसते, की टी मॉडेलच्या? दाराची रेघ कशी, काचेची चौकट केवढी? पण मापाने आकार कुणाचा ते कळते. हात कुणाचा ते नव्हे.

इथेच मोह होतो. नामांकित नाव चिकटवले, तर किंमत वाढते. खोटे ठरवणार कोण?

नागसेनाने मिलिंद राजाला विचारले होते, चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? ‘रथ’ हे केवळ व्यवहाराचे नाव. मात्र व्यवहाराचे म्हणून ते वाटेल तसे लावावे, असे नव्हे. खोट्या नावाने गिऱ्हाईक फसतेच; शिवाय ज्याने राळेत हात माखले, तो कारागीर कायमचा पुसला जातो. ‘कर्ता अज्ञात’ म्हटले, की निदान त्याची जागा तरी रिकामी राहते.