हात हलका ठेवा

वाशीम, रिसोडकडच्या वावरात सोयाबीन काढणीचे दिवस. बंडीत चढवताना एखादं पोतं निसटतं आणि पोटरीवर आदळतं. कातडी फुटत नाही. रक्त आतल्या आत साकळतं. मुका मार.

घरातलं कोणीतरी तेल घेऊन चोळायला बसतं. एरवी न सापडणारी बाटली तेव्हा बरोबर सापडते! माया असते ती. पण हात हलका ठेवा. चोळल्यानं आतलं रक्त आणखी पसरतं. आधी माठातल्या पाण्यात भिजवलेली फडक्याची घडी. पाय उशीवर, जरा उंच. शेक दोन दिवसांनी. सूज वाढतच गेली, किंवा मार डोक्याला असला, तर मात्र दवाखानाच गाठा.

जांभळा डाग हिरवट होतो, मग पिवळा, मग जातो. शरीर आपलं काम करत असतं.

मनालाही असा मार बसतो. नापास झालेलं पोर. पीक गेलेला शेजारी. आपण जातो आणि विचारत राहतो, कसं झालं, का झालं, पुन्हा सांग. तिथंही हात हलका ठेवा. ओसरीवर जवळ बसा. चहा घ्या. पिकाचा विषय त्यानं काढला, तर ऐका.