उसने मुखपृष्ठ

घरातील जुनी छायाचित्रे संगणकाच्या साहाय्याने एखाद्या नामांकित मासिकाच्या मुखपृष्ठावर, किंवा साबणाच्या नाहीतर स्नोच्या जुन्या धर्तीच्या जाहिरातीत बसविण्याची जी हौस अलीकडे लग्नकार्यापासून सहस्रचंद्रदर्शनापर्यंत सर्वत्र दिसू लागली आहे, तिच्याविषयी चालणारा वाद मला फार उथळ वाटतो. ही शुद्ध बनवाबनवी आहे असे कोणी म्हणतात. पण जी उघड आहे तिने कोणी फसत नाही. यात कोणाचे काय बिघडले, असे दुसरे विचारतात. त्यांनी विचार करण्याचेच नाकारले आहे.

तिसरा पक्ष मात्र जाणकारांचा आहे. छायाचित्र अस्सल होते तरी कधी, असे तो विचारतो. मुंबईत 1854 साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्या मागोमाग गावोगावी जे स्टुडिओ निघाले, त्यांत कारंजी आणि कमानी रंगविलेला पडदा होता, कोरीव खुर्ची होती, शेजारच्या मेजावर फुलदाणी होती आणि काचेवर पेन्सिल फिरवून चेहऱ्यावरील सुरकुत्या घालविणारा कारागीरही होता. जत्रेत पुठ्ठ्याच्या विमानात बसून लोकांनी हौसेने फोटो काढून घेतले. तेव्हा सोंग मूळचेच असेल, तर नातवाने त्यावर आणखी एक चढविले म्हणून तक्रार कसली?

यातील एकही विधान मी नाकारीत नाही, आणि तरीही निष्कर्ष मला सर्वस्वी अमान्य आहे. पुठ्ठ्याच्या विमानात बसलेला मनुष्य पदरचे पैसे मोजून आणि टोपी सारखी करून तेथे बसला होता. आपण कसे दिसावे हे त्याने, आपल्या ऐपतीच्या आणि त्या काळाच्या मर्यादेत, स्वतः ठरविले होते. ते सोंग त्याच्या इच्छेचा दस्तऐवज आहे, आणि दस्तऐवजातील मजकूर खोटा असला तरी त्याखालची सही खरी असू शकते, हे कोणत्याही कचेरीतील कारकून सांगेल. नातू जेव्हा त्याच चेहऱ्यावर दुसरे सोंग चढवितो, तेव्हा तो मुखत्यारपत्रावाचून सही करीत असतो.

परिचयातील एका घरी सहस्रचंद्रदर्शनाच्या मांडवात उत्सवमूर्तींच्या आईचे असे एक चित्र मी पाहिले. फ्लेक्सवर ‘स्त्री’ मासिकाचे नाव, त्याखाली त्या बाईंचा चेहरा, कोपऱ्यात किंमत चार आणे. मूळ छायाचित्र घरच्यांनी नंतर दाखविले. नऊवारी नेसलेली तरुण स्त्री खुर्चीवर ताठ बसली आहे, तिच्या मांडीवर पुस्तक आहे, पुस्तकाच्या पानांत एक बोट आहे. लग्नानंतर त्या बाई अक्षरे शिकल्या आणि फोटोच्या वेळी पुस्तक हवेच म्हणून हटून बसल्या, असे घरात सांगतात. मुखपृष्ठाच्या मापात बसविताना चित्र खांद्याखाली कापले गेले होते. शंकरराव किर्लोस्करांनी 1930 मध्ये जे मासिक स्त्रियांसाठी काढले, त्याचे नाव तेवढे राहिले आणि वाचणारीचे पुस्तक गेले!

यावर कोणी म्हणेल, कापले नसते तर? तरीही माझा आक्षेप उरतो. मुखपृष्ठामागे अंक असतो. ‘टाइम’ने 5 जानेवारी 1931 च्या अंकावर गांधीजींना घेतले तेव्हा ते येरवड्याच्या तुरुंगात होते, आणि त्या मुखपृष्ठामागे दांडीचे सबंध वर्ष उभे होते. ‘टाइम’च्या मुखपृष्ठाची तीच तांबडी चौकट आजोबांभोवती ओढली की त्यांचा गौरव होत नाही. त्यांचे प्रत्यक्ष आयुष्य कौतुकाला अपुरे पडले, म्हणून बाहेरचा दाखला आणावा लागला, एवढेच त्यातून ध्वनित होते. जाहिरातीची गोष्ट तर याहून वाईट. अभिनेत्री लीला चिटणीस 1941 मध्ये लक्सच्या जाहिरातीत आल्या त्या स्वतःच्या संमतीने. निवर्तलेल्या आजीकडून साबण विकवून घेताना कोणाची संमती घेतली जाते?

माझ्या म्हणण्याला खरी अडचण आहे ती निराळीच. फोटोवाले ज्याला मिक्सिंग म्हणतात, त्या रीतीने दिवंगत वडिलांना मुलाच्या लग्नाच्या चित्रात आणून उभे करण्याची वहिवाट जुनी आहे, आणि तेथेही मृताला कोणी विचारलेले नसते. ते मला खटकत नाही. का खटकत नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. त्या चित्रात वडील वडीलच राहतात. जी जागा हयातीत निःसंशय त्यांचीच ठरली असती, तीच त्यांना मिळते. जाहिरातीत मात्र त्यांना कामाला लावलेले असते, मग ते काम लटके का असेना. माणसाला त्याची जागा देणे आणि त्याला कामाला लावणे, या दोहोंतील भेद एकदा मान्य केला की खऱ्याखोट्याचा सारा काथ्याकूट मला गैरलागू वाटतो.

हौस असेल त्याने ती स्वतःच्या छायाचित्रावर खुशाल भागवावी. वडीलधारी माणसे हयात असतील तर त्यांना आधी विचारावे. ती हसून हो म्हणाली तर माझी काडीमात्र हरकत नाही. ती नसतील, तर मूळ छायाचित्र काहीही न कापता, स्टुडिओच्या नावाच्या पुठ्ठ्यासकट मोठे करून लावावे, आणि त्याखाली त्यांचे नाव, गाव आणि ठाऊक असेल तर साल लिहावे.