रुग्णालयाचे बिल आणि न्यायाचा तराजू

आमच्या नात्यातील एक वडीलधारे गृहस्थ अकरा दिवस रुग्णालयात होते. घरी आले ते जनाज्यासाठीच. उरलेल्या बिलाचा तगादा आला तेव्हा त्यांचा मुलगा उद्वेगाने म्हणाला, "अब्बाच राहिले नाहीत, मग पैसे कशाचे?"

हा प्रश्न दुःखाचा आहे. परंतु त्याचे उत्तर दुःखाने देता येत नाही. आजारातून बरे करणारा केवळ अल्लाह आहे, ही हजरत इब्राहीम (अलै.) यांची ग्वाही कुरआनमध्ये आहे. डॉक्टर प्रयत्नांना बांधील असतो, परिणामाला नव्हे. म्हणून रुग्ण दगावला एवढ्याच कारणाने प्रामाणिक उपचारांचा मोबदला बुडविता येत नाही. मृताच्या नावे राहिलेले कर्ज तर वारसाहक्काच्या वाटणीपूर्वी फेडावयाचे असते. एका कर्जबाजारी मृताच्या जनाज्याची नमाज पढविण्यास प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी नकार दिला होता, हजरत अबू कतादा (रजि.) यांनी ते कर्ज स्वतःवर घेतल्यावरच त्यांनी नमाज पढविली.

मग बिलावर लिहिलेला प्रत्येक आकडा मुकाट्याने मान्य करावा काय? मुळीच नाही. सूरह अल-मुतफ्फिफीनमधील कठोर इशारा केवळ धान्याच्या दुकानदारापुरता नाही. न झालेल्या तपासणीचे पैसे लावणे हेही मापात पाप आहे. वैद्यकाचे ज्ञान नसताना जो उपचार करतो, तो हानीस जबाबदार ठरतो, असे हदीसमध्ये आले आहे. त्यावरून फुकहांनी भेद केला : निष्णात व दक्ष वैद्यावर भरपाईचा भार नाही, अज्ञानी किंवा हलगर्जी वैद्यावर आहे.

तेव्हा बिलाचे तीन भाग करावेत. जी सेवा खरोखर मिळाली, तिचे पैसे विनाविलंब द्यावेत; ऐपत असूनही टाळाटाळ करणे हा जुलूम आहे. जी मिळालीच नाही, तिची रक्कम पुराव्यानिशी नाकारावी. हलगर्जीपणाचा संशय असेल, तर निवाडा त्रयस्थाकडे सोपवावा. स्वतःच्या फिर्यादीत स्वतःच काझी होऊ नये. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली दिला आहे. तो मार्ग मोकळा असताना तोडफोड आणि शिवीगाळ करणाऱ्याची बाजू खरी असली तरी कृती गुन्ह्याचीच ठरते.

रुग्णालयांनाही हाच तराजू लागू आहे. अडचणीतील ऋणकोला सवड द्यावी, ही कुरआनची आज्ञा आहे. बिलासाठी मृतदेह अडवून ठेवणे तर महाराष्ट्रातील 2021 च्या नियमांनुसारही निषिद्ध आहे.

त्या मुलाने अखेर तपशीलवार बिल मागितले. इंतकालानंतरच्या दिवशीही तज्ज्ञाच्या दोन भेटी त्यात लावलेल्या होत्या. तेवढ्या रकमेवर त्याने लेखी हरकत घेतली. बाकीचे पैसे त्याच दिवशी भरले. हरकतीचा निकाल अद्याप लागलेला नाही. "राग अजून गेला नाही," तो म्हणाला, "पण अब्बांच्या मानेवर आता काही उरले नाही."

एखाद्या समूहाविषयीच्या द्वेषानेही न्यायापासून ढळू नका, असे सूरह अल-माइदा आपणास बजावते. राग असणे हा अपराध नाही. रागाने तराजूला हात लावणे हा आहे.